फायटिंग गेमच्या फिगर्स जमवायच्या आहेत? सुरुवात अशी करा

पार्लरमध्ये रुपयाचं नाणं टाकून असो किंवा घरी प्लेस्टेशनवर, स्ट्रीट फायटर, मॉर्टल कॉम्बॅट, टेकन, केओएफ (किंग ऑफ फायटर्स) यातलं एखादं कॅरेक्टर प्रत्येकाचं ठरलेलं असतं. आता त्याच कॅरेक्टरची चांगली फिगर, म्हणजे सांधे हलणारी छोटी प्लास्टिकची प्रतिकृती, घरात असावी असं वाटतंय, पण नेटवर शोधायला गेलं की पाचशे रुपयांपासून पंधरा हजारांपर्यंत सगळंच दिसतं आणि काय घ्यावं तेच कळत नाही, अशांसाठी हे जरा सविस्तर लिहितोय. मी मुख्यतः स्ट्रीट फायटर जमवतो त्यामुळे उदाहरणं तिथलीच जास्त येतील, पण हिशोब सगळीकडे तोच.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. सुपरहिरो नुसता छाती काढून उभा राहिला तरी शोभतो, त्याला ओळख असते कपड्यांची. फायटिंग गेमच्या कॅरेक्टरची ओळख असते त्याच्या मूव्हची. रियू म्हटलं की हाडोकेन (दोन्ही हातांतून सोडलेला ऊर्जेचा गोळा), गाइल म्हटलं की सॉनिक बूम, चुन-ली म्हटलं की लाथांचा पाऊस, स्कॉर्पियन म्हटलं की तो दोरीचा भाला. त्यामुळे फिगर कितीही देखणी असली तरी ती आपल्या माणसाचा मूव्ह मारू शकत नसेल तर घेऊ नका. चेहरा थोडा कमीजास्त असला तर चालतो, सांधे चांगले नसतील तर आठवड्यात मन उडतं. माझ्या मते बाकी सगळे नियम या एका नियमातून निघतात.

मूव्ह मारता येतो की नाही ते बघायचं कसं? हाडोकेनचंच घ्या. हाडोकेन सोडताना रियूचे दोन्ही मनगटांचे भाग एकमेकांना टेकलेले असतात, तळवे समोर उघडे, एक हात वर एक हात खाली, पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताणलेला आणि कंबर किंचित फिरलेली. आता हे प्लास्टिकमध्ये जमायला काय काय लागतं बघा. दोन्ही हात छातीसमोर जवळ यायला खांद्याच्या आत, छातीत एक जादा सांधा लागतो, त्याला बटरफ्लाय जॉइंट म्हणतात, तो नसेल तर हात समोर येतात पण मनगटं एकमेकांना टेकतच नाहीत, मध्ये फट राहते आणि रियू बॉल झेलायला उभा असल्यासारखा दिसतो. कोपर आणि गुडघ्याला डबल जॉइंट हवा म्हणजे ९० अंशाच्या पुढे वाकतं. घोट्याला आडवं झुकणारा पिव्हट हवा, पाय फाकवून उभं केल्यावर तळवा जमिनीला पूर्ण टेकला पाहिजे. आणि शेवटचं म्हणजे उघडे तळवे वेगळे दिलेले हवेत, नुसत्या मुठी असतील तर संपलं. प्रॉडक्ट फोटो बघताना चेहरा बघायच्या आधी हे बघायची सवय लावा. कंपनीच्या फोटोत हाडोकेनची पोझ नसेल तर समजून जा की ती होत नाही, होत असती तर त्यांनी पहिला फोटो तोच टाकला असता.

असंच प्रत्येकाचं आहे. चुन-लीसाठी मांडीचा सांधा किती वर जातो आणि कमरेखालचा कपडा मऊ आहे का कडक ते बघायचं, कडक असेल तर लाथ अर्ध्यावर अडकते. गाइलच्या फ्लॅश किकला फिगर हवेत उलटी धरणारा स्टँड लागतो. झँगिफचा पाइलड्रायव्हर (समोरच्याला उचलून डोक्यावर आपटायचा डाव) करायचा तर समोर दुसरी त्याच मापाची फिगर पाहिजे आणि झँगिफच्या हातांची पकड मजबूत पाहिजे. धालसिम घेताना तर लांबलेले हात वेगळे जोडायला दिलेत का हे पहिलं बघा, लांब हात नसलेला धालसिम घेण्यात काही अर्थ नाही. गेममध्ये तो आपल्या भारतातला योगी दाखवलाय, गळ्यात कवट्यांची माळ, स्टेजवर मागे हत्ती, सगळा पाश्चात्त्य आणि जपानी कल्पनेतला भारत, तरीपण लहानपणी मशीनवर आपला माणूस दिसला याचं अप्रूप होतंच आणि माझ्या कपाटात तो मधोमध आहे.

आता माप. फिगर्सचं स्केल एकदा ठरवलं की त्यातून हलू नका. सगळ्यात जास्त चॉइस आहे १/१२ स्केलमध्ये म्हणजे साधारण ६ इंच, हिशोब सोपा, सहा फुटी माणूस म्हणजे ७२ इंच, भागिले १२, सहा इंच. त्याच्या वर मॅकफार्लेनच्या वगैरे ७ इंची येतात. जुन्या हॅस्ब्रोच्या पावणेचार इंची म्हणजे १/१८. आणि स्क्वेअर एनिक्सच्या प्ले आर्ट्स काई ह्या सगळ्यांपेक्षा बऱ्याच मोठ्या. फायटिंग गेममध्ये हे इतर कुठल्याही कलेक्शनपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे कारण इथे फिगर्स जोडीनं उभ्या करायच्या असतात, एक मारतोय एक खातोय. ६ इंची रियूसमोर मॉर्टल कॉम्बॅटचा ७ इंची सब-झिरो उभा केला की नुसता उंच दिसत नाही, डोकं, हात, सगळंच मोठं दिसतं आणि फाइटचा फील निघून जातो. उंचीतला फरक कॅरेक्टरमुळे असावा, स्केलमुळे नाही. सगात साडेसात फुटी आहे, तो ६ इंची स्केलमध्ये रियूपेक्षा डोक्यानं उंच दिसलाच पाहिजे, एखाद्या कंपनीनं सगळ्यांना एकाच उंचीचं केलं असेल तर ती लाइन सोडा.

कुठल्या कंपनीचं घ्यायचं यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, मी माझं मत सांगतो. नवीन माणसानं जाडा टॉइजपासून सुरुवात करावी. २०२३ पासून त्यांची स्ट्रीट फायटरची ६ इंची लाइन येतेय, पहिल्या खेपेत रियू, चुन-ली आणि फे लाँग आले होते, अमेरिकेत एकेक साधारण २५ डॉलरला. त्या किमतीला जादा डोकं, जादा हात, इफेक्ट पार्ट (हाडोकेनच्या गोळ्यासारखे प्लास्टिकचे तुकडे) असं सगळं मिळतं आणि सांधे खरोखर चांगले आहेत. त्यांची लाइन अल्ट्रा स्ट्रीट फायटर २ वर आहे म्हणजे कपडे, रंग सगळं आपल्याला माहिती असलेल्या जुन्या गेममधलं. वरच्या बजेटमध्ये हाँगकाँगची स्टॉर्म कलेक्टिबल्स, ८० डॉलर आणि त्याच्या पुढे. स्नायूंची घडण, चेहऱ्यावरचा मार खाल्ल्याचा भाव, हातांच्या भरपूर जोड्या, या बाबतीत त्यांचा हात धरणारं कोणी नाही, आणि मॉर्टल कॉम्बॅटचे जुने निन्जे किंवा केओएफमधले इओरी, क्यो, टेरी, रुगल हवे असतील तर फिरून त्यांच्याकडेच यावं लागतं. केओएफ ९७ वर वाढलेल्यांनो, इओरी घ्यायचा तर स्टॉर्मचाच. बंदाईच्या एस.एच. फिगुआर्ट्स किमतीत या दोघांच्या मध्ये बसतात, सांध्यांची इंजिनियरिंग फार सुंदर, अंगकाठी जरा बारीक, स्ट्रीट फायटर ६ चे नवीन कपडे आवडत असतील तर तिकडे बघा. मॉर्टल कॉम्बॅट ११ च्या मॅकफार्लेनच्या फिगर्स स्वस्त आणि डिटेलिंगला दमदार पण लवचिकतेत कमी, शिवाय माप ७ इंच. ही कंपनी स्पॉन हे कॉमिक काढणाऱ्या टॉड मॅकफार्लेनची, आणि २०२० मध्ये स्पॉन स्वतः त्या गेममध्ये पाहुणा म्हणून आला, त्यामुळे त्यांचा स्पॉन मात्र मनापासून केलेला वाटतो. टेकनच्या फॅन्सना त्या मानानं कमी मिळालंय, जे येईल ते प्रीऑर्डरलाच धरा.

किती जमवायचं हे आधी ठरवा, पैसे तिथेच वाचतात. स्ट्रीट फायटरमध्ये हे छान बांधलेलं आहे. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मध्ये खेळता येणारे आठ, रियू, केन, चुन-ली, गाइल, ब्लँका, होंडा, झँगिफ, धालसिम. चार बॉस (बालरॉग, वेगा, सगात, एम. बायसन) धरले की बारा. १९९३ च्या सुपर स्ट्रीट फायटर २ मध्ये कॅमी, फे लाँग, टी. हॉक, डीजे आले की सोळा. मग अकुमा. आठाचा सेट पूर्ण करणं हे माझ्या मते पहिलं ध्येय असावं, एका शेल्फवर बसतो, बघणाऱ्याला लगेच कळतो, आणि पूर्ण झाल्याचं समाधान मिळतं. त्यानंतर खिसा बघून बारा. पहिल्याच दिवशी सगळं घ्यायचं ठरवलं की तीन गेमचे अर्धे अर्धे सेट होतात आणि एकही शेल्फ लागल्यासारखा दिसत नाही.

मॉर्टल कॉम्बॅटमध्ये वेगळी गंमत आहे. १९९२ च्या मूळ गेममध्ये खऱ्या माणसांना कॅमेऱ्यासमोर उभं करून शूट केलं होतं, आणि निन्ज्याचा एकच पोशाख वापरून रंग बदलून स्कॉर्पियन, सब-झिरो, रेप्टाइल केले होते. कंपन्यांना हे सोन्याहून पिवळं, एक मोल्ड म्हणजे साचा बनवला की पिवळा, निळा, हिरवा, लाल, जांभळा काढत राहायचं. तुम्हाला मूळ गेमचा न्याय म्हणून सगळे रंग हवे असतील तर जरूर घ्या, रांगेत उभे केले की भारीच दिसतात, पण दुसरा निन्जा घेताना तुम्ही तेच शरीर परत विकत घेताय हे लक्षात ठेवून घ्या. याउलट गोरो. चार हातांचा गोरो कुठल्या नटाकडून होणार, म्हणून तो एका छोट्या मूर्तीला एकेक फ्रेम हलवून, स्टॉप मोशननं गेममध्ये आणला होता. म्हणजे हा मूळचाच फिगर, गेममध्ये नंतर गेला. त्यामुळे त्याची फिगर घरात ठेवताना मला वेगळाच आनंद होतो.

शोधताना नावांचा एक घोळ माहिती पाहिजे, नाहीतर जपानी साइटवर चुकीची फिगर मागवून बसाल. आपण ज्याला बालरॉग म्हणतो तो बॉक्सर, जपानमध्ये त्याचं नाव एम. बायसन आहे, कारण तो माइक टायसनवरून केलेला. बाहेर गेम विकताना केस होईल म्हणून तीन बॉसची नावं फिरवली. मग जपानी बालरॉग म्हणजे आपला पंजावाला मुखवट्याचा वेगा, आणि जपानी वेगा म्हणजे आपला लाल युनिफॉर्मवाला एम. बायसन. यावर उपाय म्हणून खेळणारे लोक नाव घेतच नाहीत, बॉक्सर, क्लॉ, डिक्टेटर असं म्हणतात, विक्रेत्याशी बोलताना तुम्हीपण तेच म्हणा. अकुमा तिकडे गोकी आहे, गोकी या नावानं शोधलं तर जुन्या स्टॉकमध्ये अचानक चार गोष्टी जास्त दिसतात.

आता पैसे आणि मागवणं, हा भाग नीट वाचा कारण इथेच सगळ्यांचं गणित फसतं.

भारतात अधिकृत आयात होऊन आलेला माल मिळत असेल, कॉमिक कॉनला किंवा इथल्या ऑनलाइन दुकानात, तर थोडा महाग वाटला तरी आधी तो बघा. बाहेरून मागवताना फिगरची किंमत हा फक्त पहिला आकडा असतो. २०२० च्या बजेटमध्ये खेळण्यांवरची कस्टम्स ड्युटी २० वरून ६० टक्के केली आणि २०२३ मध्ये ७० टक्के, त्यानंतरचा चालू दर मागवायच्या दिवशी तपासून घ्या कारण बजेटमध्ये हे बदलत राहतं. महत्त्वाचं म्हणजे ड्युटी नुसत्या फिगरवर लागत नाही, फिगर अधिक शिपिंग अधिक विमा अशा एकूण रकमेवर लागते आणि जीएसटी त्या सगळ्याच्या वर. म्हणजे २५ डॉलरची फिगर २५ डॉलर शिपिंगनं मागवली तर ड्युटी ५० वर. त्यामुळे महागडं एक्सप्रेस कुरियर निवडलं की दोनदा पैसे जातात. मी तर कुठलीही बाहेरची फिगर बघितली की मनात किंमत दुप्पट करतो आणि तरीही हवीशी वाटली तरच पुढे जातो. दुसरी अडचण म्हणजे १ जानेवारी २०२१ पासून मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झालाय. जपानी फिगरच्या बॉक्सवर १५ वर्षांपुढे असं लिहिलेलं असतं, तरीपण पार्सल अडवून कागद मागितले जाऊ शकतात, म्हणून ऑर्डरचं बिल, पेमेंटची पावती आणि प्रॉडक्ट पेजचा स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये ठेवा आणि विक्रेत्याला खरी किंमतच लिहायला सांगा. किंमत कमी दाखवायची विनंती करू नका, पकडलं गेलं तर दंड आणि पार्सल हरवलं तर भरपाई त्या खोट्या आकड्याचीच मिळते.

जपानहून घ्यायचं तर अमीअमी आणि मांदाराके ही दोन नावं लक्षात ठेवा. अमीअमीवर वापरलेल्या मालाची ग्रेडिंग अतिशय प्रामाणिक असते, फिगरची वेगळी आणि बॉक्सची वेगळी, फिगर ए आणि बॉक्स बी असं दिसलं की डोळे झाकून घ्या, जपानी लोकांच्या बी बॉक्सवर कोपऱ्याला एक चिरी असते बास. अमेरिकेहून बिगबॅडटॉयस्टोअरची पाइल ऑफ लूट नावाची सोय आहे, वेगवेगळ्या महिन्यात आलेल्या फिगर्स ते त्यांच्याकडे साठवून ठेवतात आणि तुम्ही सांगाल तेव्हा एकत्र पाठवतात. आता आपल्यापैकी बऱ्याच जणांचा मामेभाऊ न्यू जर्सीला नाहीतर आत्येबहीण बे एरियात असतेच, त्यांच्या पत्त्यावर ही पाइल मागवायची आणि दिवाळीला किंवा लग्नाला येताना त्यांच्या बॅगेतून आणवायची हा अजूनही सगळ्यात उत्तम मार्ग. फक्त एक सभ्यता पाळा, बॅगेत जागा किती आहे ते आधी विचारा, चार मोठे बॉक्स परस्पर त्यांच्या दारात पाठवू नका, आणि बॉक्सचा मोह सोडून आतला ट्रे काढून आणायची तयारी ठेवा.

नकली मालाबद्दल. सगळ्यात जास्त नक्कल होते ती बंदाई आणि स्टॉर्मसारख्या महाग मालाची. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. लिस्टिंगमध्ये विदाउट बॉक्स किंवा चायना व्हर्जन लिहिलंय, फोटो कंपनीचे आहेत पण विक्रेत्यानं स्वतः काढलेला एकही नाही, किंमत अर्ध्याहून कमी, आणि शिपिंग फुकट. अशा ठिकाणी विक्रेत्याला एकच सांगा, बॉक्सच्या मागच्या बाजूचा फोटो टाका जिथे कॅपकॉमचं कॉपीराइट छापलेलं असतं. खऱ्यावर ते अक्षर बारीक आणि धारदार असतं, नकलीवर फुगलेलं किंवा गायब. हातात आल्यावर वास घ्या, नकली प्लास्टिकला केरोसिनसारखा उग्र वास येतो आणि तो महिनाभर जात नाही. डोळ्यांच्या बाहुल्या बघा, खऱ्या फिगरवर त्या छापलेल्या असतात त्यामुळे दोन्ही सारख्या, नकलीवर एक इकडे एक तिकडे. नकली घेऊ नका असं मी नुसतं तत्त्व म्हणून सांगत नाही, त्याचे सांधे पहिल्याच हाडोकेनला तुटतात.

फिगर घरी आली, आता उघडायची. हो, उघडायची. काही लोक सीलबंद ठेवतात, त्यांचा आनंद त्यांना, पण फायटिंग गेमची फिगर बॉक्समध्ये दोन हात बाजूला ठेवून उभी असते, म्हणजे ज्या गोष्टीसाठी घेतली तीच होत नाही. उघडल्यावर लगेच हात पिरगाळायला लागू नका. कारखान्यातून येताना रंग सांध्यात सुकलेला असतो, सांधा अडकलाय असं वाटलं तर जोर लावायचा नाही, मनगटाची पिन तिथेच तुटते. एका वाटीत गरम पाणी घ्या, उकळतं नको, बोट क्षणभर घालता येईल इतपत, त्यात तो भाग अर्धा मिनिट धरा, मग हळू मागेपुढे हलवा, आपोआप सुटतो. पाण्याची भीती वाटत असेल तर हेअर ड्रायर. हात किंवा डोकं बदलताना पण हेच, आधी गरम करा मग काढा. एखादी तलवार किंवा बोट पॅकिंगमध्ये वाकडं झालेलं असेल तर गरम पाण्यात मऊ करून सरळ धरा आणि तसंच धरून थंड पाण्यात बुडवा, आकार बसतो.

उलट सांधा ढिला असेल, पाय पसरत जातोय, तर लोक नेलपॉलिश लावा म्हणून सांगतात, लावू नका, त्यातलं सॉल्व्हंट रंग आणि प्लास्टिक दोन्ही खातं. पेगवाला म्हणजे खुंटीचा सांधा असेल तर प्लंबरची टेफ्लॉन टेप, हार्डवेअरच्या दुकानात कुठेही मिळते, तिचा एखादा वेढा पेगवर घ्यायचा आणि परत दाबून बसवायचं. गोळ्याचा सांधा असेल तर पाण्यावर आधारित अॅक्रिलिक व्हार्निशचा पातळ हात गोळ्यावर द्यायचा, पूर्ण सुकू द्यायचं, मगच जोडायचं. घाईनं ओलंच जोडलं तर सांधा कायमचा चिकटतो.

पोझ देताना पायापासून सुरुवात करा. आधी दोन्ही तळवे जमिनीला टेकवून वजन कुठे आहे ते ठरवा, मग गुडघे, मग कंबर, आणि हात सगळ्यात शेवटी. बहुतेक जण हातापासून सुरू करतात आणि मग फिगर उभीच राहत नाही. गेमचा स्क्रीनशॉट समोर लावून ठेवा आणि खांद्याची रेषा कमरेच्या रेषेला किती तिरकी आहे ते बघा, फायटिंग गेमच्या स्प्राइटमध्ये (स्क्रीनवरच्या कॅरेक्टरच्या चित्रात) ती कधीच समांतर नसते, सगळी ताकद त्या पिळात दिसते. नजर समोरच्या फिगरकडे वळवा. एवढं केलं की साधी २५ डॉलरवाली पण जिवंत वाटते.

ठेवायचं कुठे? काचेचं दार असलेलं कपाट, खिडकीच्या थेट उन्हापासून लांब. ऊन लागलं की पांढरा रंग पिवळा पडतो, आणि रियूच्या पांढऱ्या कपड्यावर ते लगेच दिसतं. एका पायावर उभ्या असलेल्या फिगर्सना स्टँड लावाच, एप्रिल-मे मध्ये पीव्हीसी मऊ पडतं आणि लाथ मारणारी चुन-ली महिन्याभरात एका बाजूला कलायला लागते, मग ती शेजारच्याला घेऊन पडते.

पावसाळा हा आपल्याकडचा खरा शत्रू, मुंबई, कोकण, गोवा इथे राहणाऱ्यांसाठी तर जास्तच. प्लास्टिकला पाण्यानं काही होत नाही, वाट लागते ती बॉक्सच्या पुठ्ठ्याची आणि कापडी कपड्यांची, बुरशीचे ठिपके येतात आणि कसरीचे किडे पुठ्ठा कुरतडतात. बॉक्स ठेवायचे असतील तर जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, झाकणाच्या मोठ्या डब्यात सिलिका जेलच्या पिशव्यांसोबत ठेवा, रंग बदलणारं जेल घ्या म्हणजे ओल भरली की कळतं आणि तापवून परत वापरता येतं. पण हे फक्त रिकाम्या बॉक्ससाठी. फिगर स्वतः हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत महिनोन्‌महिने ठेवू नका. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घातलेलं असतं ते हळूहळू बाहेर येतं, हवा लागली तर उडून जातं, बंद पिशवीत ते अंगावरच साठतं आणि फिगर चिकट होते. तशी झालीच तर घाबरू नका, कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ ब्रश, स्वच्छ धुवून पंख्याखाली वाळवा. कापडी कपडे असतील तर आधी उतरवा. नकली लेदरचे कपडे असलेली फिगर मात्र आपल्या हवेत घेऊच नका, दोनचार पावसाळ्यात त्याचे पापुद्रे निघतात आणि त्यावर इलाज नाही.

ज्यांना जुन्या मालाची ओढ आहे त्यांच्यासाठी थोडं. १९९३ मध्ये हॅस्ब्रोनं स्ट्रीट फायटर २ च्या पावणेचार इंची फिगर्स जी.आय. जो या त्यांच्या सैनिकांच्या फिगर्सच्या लाइनमध्ये काढल्या, पुढच्या वर्षी मॉर्टल कॉम्बॅटच्या. स्ट्रीट फायटरवाल्यांबरोबर बंदुका दिल्या होत्या, गाइल सैनिक आहे, त्याला एक वेळ ठीक पण ब्लँकाला बंदूक, तरीपण त्या काळातला रंग आणि कार्डवरची चित्रं यासाठी मी त्या मानतो. सुट्या म्हणजे पॅकिंगशिवाय घेतल्या तर अजून परवडतात. विकत घेताना कंबर लोंबकळत असेल तर सोडू नका, उलट भाव कमी करून घ्या. या फिगर्सच्या आत धड आणि पाय एकत्र धरणारं एक काळं रबराचं रिंग असतं आणि इतक्या वर्षांत ते वाळून तुटतं, बाकी फिगर ठणठणीत असते. पाठीवरचा एकच स्क्रू बरोबर मापाच्या छोट्या स्क्रूड्रायव्हरनं काढायचा, मापात नसेल तर स्क्रूचं डोकं झिजतं आणि मग काही करता येत नाही. पाठ आणि छाती वेगळी होते, हात कसे बसलेत त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पायांच्या मधल्या धातूच्या हुकात नवीन रिंग अडकवा, ते छातीच्या आतल्या खुंटीवर ओढून घ्या, हात परत खोबणीत ठेवा, पाठ लावा, स्क्रू हलकेच आवळा. फार आवळला तर खांदे जाम होतात आणि जुन्या प्लास्टिकला तडा जातो. रिंगची मापं जी.आय. जो वाल्या ग्रुपमध्ये कोणीही सांगेल, तिथली मंडळी मदतीला अगदी मोकळी आहेत.

आणि पहिली फिगर कुठली घेऊ असं विचाराल तर रिव्ह्यू बघून ठरवू नका, तुम्ही खेळताना जो कॅरेक्टर घ्यायचात तोच घ्या, मग तो होंडा का असेना. दुसरी घ्या त्याच्या कायमच्या प्रतिस्पर्ध्याची, त्याच स्केलमध्ये, शक्यतो त्याच कंपनीची, कारण एकटी फिगर कुणाला मारणार. रियूला सगात, चुन-लीला बायसन, म्हणजे डिक्टेटरवाला, स्कॉर्पियनला सब-झिरो, क्योला इओरी.